चावीवर कोण बसलंय

जुनी कॅम्पर व्हॅन सकाळपासून अडून बसली होती. मेकॅनिक तिच्याखाली आडवा पडलेला, त्याचे भाऊजी वर चावीपाशी. भाऊजींनी चावी फिरवत "मार!" म्हणायचं आणि याने स्टार्टरवर हातोडी घालायची, स्टार्टरची अडकलेली मोटर कधीकधी अशीच सुटते. पण ही मेली दाद देईना. तो इतका पेटला, की शिव्या हासडत ठोकताना बोटं फुटली तरी थांबला नाही. शेवटी भाऊजींना बॅटरीची तार काढायला सांगून त्याने बोल्ट सोडवले आणि मोटर छातीवर उतरवली.

"मार!" वरून आवाज आला.

"अहो भाऊजी, काढली की मोटर! थट्टा पुरे."

"मार!"

तेवढ्यात शेडच्या दारात भाऊजींच्या चपला दिसल्या. "कुणावर खेकसतोयस रे? मी तर हात धुवायला गेलो होतो."

वर सीट करकरली. चावी फिरल्याचा आवाज झाला.

"मार," भाऊजींच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, या वेळी अगदी मायेने.

सकाळपासून सरावलेला हात हातोडीसकट आपसूक उठला. पहिल्याच घावाला छातीवरच्या मोटरीखालची त्याची बरगडी कडकन मोडली, आणि व्हॅन सुरू झाली.