बटणं डावीकडे

गेमच्या पेटीची फळी हातात घेतली आणि थोरल्याचं टाळकं सडकलं. बटणांची सहाही भोकं डावीकडे होती आणि दांड्याचं भोक उजवीकडे. वर बटणांची भोकं नको तेवढी मोठी.

"पाठीवर आखलंस ना?" त्याने विचारलं.

नवशिक्या सुताराची ही ठरलेली चूक. फळीच्या पाठीवर आखायचं, पाठीतूनच ड्रिल घालायचं आणि फळी सुलटी केली की डाव्याचं उजवं झालेलं. पंधरा वर्षं हाताखाली काढलेल्या सख्ख्या भावाने ही चूक करावी म्हणजे हद्द झाली.

पहिली थप्पड धाकट्याच्या कानाखाली बसली.

रविवारची दुपार होती, वर्कशॉप बंद होतं. माळ्यावर लहानपणीचा व्हिडिओ गेम सापडला होता. दोन पहिलवान, लाथा-बुक्क्या, जो आडवा होईल तो हरला. गेम चालू होता, पण खेळताना हातात धरायच्या त्याच्या प्लास्टिकच्या रिमोटांचा भुगा झाला होता. धाकट्यानेच टूम काढली होती, की आपण लाकडी पेट्या करू, पूर्वी पार्लरमधल्या मशीनला असायचा तसा दांडा लावू आणि सहा-सहा बटणं. पेट्या थोरल्याने केल्या. भोकं आणि वायरिंग धाकट्याकडे. धाकट्याची स्वतःची पेटी व्यवस्थित झाली होती, दांडा डावीकडे, बटणं उजवीकडे, जगात असते तशी. घाण केली ती नेमकी थोरल्याच्या पेटीत.

खरं तर थोरल्याला खेळायचंच नव्हतं. सहा महिन्यांपूर्वी त्याच्या डाव्या हातातली ताकद गेली होती. मानेतली नस दबली आहे, डॉक्टर म्हणाला होता, आणि परत येईल असं काही सांगता येत नाही. त्याने बायकोलासुद्धा पत्ता लागू दिला नव्हता. फळी कोपराने दाबायची, शिकंज्यात आवळायची, जड काही उचलायचं झालं की धाकट्याला हाक मारायची आणि वर त्यालाच आळशी म्हणायचं, असं त्याने निभावून नेलं होतं. धाकट्याला कळलं तर तो म्हणेल, "दादा, तू बस, मी करतो." वर्कशॉप त्याने शून्यातून उभं केलं होतं. तिथेच स्टुलावर बसून राहणं त्याला जमणारं नव्हतं. आणि त्या गेमचा दांडा डाव्या हाताने फिरवायचा असतो. पहिल्याच फेरीत पितळ उघडं पडलं असतं.

म्हणजे फळी वाया गेली हे एका परीने बरंच झालं होतं. पण एकदा मारायला सुरुवात केली की थोरल्याला थांबता येत नसे. ते त्याला बापाकडूनच मिळालं होतं.

थोरल्याचा डावा हात खिशात होता. दुसऱ्या थपडेला धाकट्याचा ओठ फुटला. तिसरीला तो ड्रिलच्या स्टँडवर जाऊन आदळला आणि स्क्रूंचा डबा खाली सांडला. थोरल्याने लाकडी हातोडा उचलून त्याच्या खांद्यावर घातला. धाकटा कळवळला, गुडघ्यावर आला, पुन्हा उभा राहिला.

"ज्या हाताने भोकं पाडलीस तो हात ठेव इथे."

धाकट्याने हात टेबलावर ठेवला, बोटं पसरून. हातोडा वर गेला आणि करंगळीच्या बाजूला इतक्या जोरात आदळला की प्लायवुडला खळगा पडला. हात जागचा हलला नाही. दचकला तो थोरलाच.

"झालं?" धाकट्याने विचारलं.

त्याने कोपऱ्यात रक्त थुंकलं, फळी उचलली आणि बटणं बसवायला घेतली. वायरी आधीच जोडलेल्या होत्या. खांदा दुखत असल्यामुळे त्याचे स्क्रू घसरत होते, तरी दहा मिनिटांत पेटी तयार झाली. थोरला हातोडा धरून तसाच उभा होता. राग उतरला की त्याला लाज वाटायची, तशी ती आताही वाटायला लागली होती. ती बोलून दाखवायची सवय मात्र त्याला नव्हती.

धाकट्याने टीव्ही लावला, स्टूल ओढलं.

"बस दादा. खेळून तर बघ."

थोरला बसला. पेटी मांडीवर आली तशी उजव्या हाताची मूठ आपोआप दांड्याभोवती आवळली गेली. डावा हात खिशातून काढून त्याने बटणांवर नुसता टेकवला. पडद्यावरच्या पहिलवानाने लाथ झाडली. त्याने तळवा जरासा सरकवला. पहिलवानाने बुक्की हाणली. बोटांची गरजच नव्हती. बटणं मुद्दाम मोठी होती, आतल्या स्प्रिंगा मुद्दाम मऊ घातल्या होत्या, हाताच्या वजनानेच ती दबत होती. आखणीत काडीचीही चूक नव्हती.

थोरल्याने दांडा सोडला. पहिलवान पडद्यावर नुसता उभा राहिला.

"कोण बोललं तुझ्याकडे? डॉक्टर भेटला होता?"

"कुणीच नाही बोललं."

"मग तुला कळलं कसं?"

धाकट्याने बाहीने ओठ पुसला आणि आपली पेटी मांडीवर घेतली.

"आधी तू दोन्ही हातांनी मारायचास, दादा."