रिकामी खोकी

पहिल्याच दिवशी पॅकिंगच्या ताईंनी नव्या मुलीच्या हातात एक खोकं दिलं, दुसरं स्वतः उचललं. "छातीशी घट्ट धर. साहेब येतायत."

"अहो, पण हे रिकामं आहे!"

"असू दे. जवळ ओढल्याशिवाय साहेबांना बायकांची विचारपूसच करता येत नाही. मध्ये खोकं असलं की लांब राहतात."

मुलगी भडकली. "इतकी वर्षं खोकी धरलीत, आणि एकदाही त्यांचा हात झटकला नाहीत?"

"हळू बोल. वडीलधारे आहेत ते. घरच्यासारखं वागतात, एवढंच."

साहेब हात पसरून आत आले. मागून त्यांची नवी सून आली, दोन्ही हातांनी पर्स छातीशी घट्ट धरून.

ताईंनी खोकं जमिनीवर आपटलं. "तिथंच थांबा, साहेब."