बरणीतली मटकी

मुळं जमिनीच्या ओढीनं खाली वाढतात, हे मी बीएस्सीला शिकले. पण आकुर्डीच्या आमच्या घरात काचेच्या बरणीतल्या मटकीची मुळं आडवी वाढत होती. आई ज्या खोलीत असेल, त्या दिशेला.

मी बरणी फिरवून ठेवली. तासाभरात मुळं पुन्हा आईकडे वळली.

“पाणी कोण घालतं त्यांना?” आई हसली. “तुला कशाला विचारतील?”

आज सकाळी ती मावशीकडे निघाली, राजगुरुनगरच्या बसनं. मुळं ईशान्येला वळली, तिच्या वाटेकडे.

अकरा वाजता पाहिलं, तर सगळी मुळं सरळ खाली. अगदी पुस्तकातल्या आकृतीसारखी.

तिसऱ्यांदा फोन लावलाय. रिंग वाजतेय. आई उचलत नाहीये.