तुटलेली रेघ

वत्सलाबाई दाभाडेंचे कृत्रिम डोळे बनवणारी कंपनी बंद पडली. पुढे वर्षभरात त्यांना माणसांचे चेहरे दिसेनासे झाले. बाकी सगळं स्वच्छ दिसे, चेहऱ्याच्या जागी मात्र नुसता धुरकट डाग. डोळे काढावे लागतील, असं डॉक्टर म्हणाले.

त्यांची इंजिनिअर मुलगी ऋजुता हटून बसली. डोळे चालवणारा जुना संगणक-कोड तिने आकृती काढणाऱ्या सॉफ्टवेअरला दिला. पडद्यावर कोडच्या भागांचे चौकोन उमटले, त्यांना जोडणाऱ्या रेघा उमटल्या. एकच चौकोन एकटा पडला होता.

“आई, चेहरे ओळखणारा भाग शाबूत आहे गं! फक्त बाकीच्यांशी त्याचा संबंध तुटलाय.”

तिने तो जोडून दिला.

वत्सलाबाई तिच्याकडे बघतच राहिल्या.

“अगं, किती वाळलीस तू!”