उजवा हात

फायनल संपायला अर्धं मिनिट होतं आणि नोमान दोन पॉइंटांनी पुढे होता. अबुधाबीच्या त्या थंडगार हॉलमध्ये, मॅटवर खाली पडलेल्या ब्राझिलियन पोरानं त्याचा डावा हात धरून ठेवला होता. धरू दे! कोपर अजून वाकलेलं होतं, अंगात रग होती. एवढं निभावलं की अल ऐनच्या शाळेत जिउ-जित्सूच्या कोचची नोकरी पक्की. जिंकेल त्यालाच घेऊ, असं शाळेनं स्पष्ट सांगितलं होतं. चौतिसाव्या वर्षी पुन्हा असं कोण विचारणार?

वर बाकावर त्याचे अब्बा, शौकतभाई, तसबीहची माळ ओढत बसले होते. शेजारी यतीन सर मोबाइलवर शूटिंग करत होते. दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या जिममध्ये नोमान यतीन सरांसारख्या साहेबलोकांबरोबर कुस्तीच्या सरावाला असायचा. म्हणजे काय करायचा? हरायचा. दिवसभर ऑफिसात पिचलेला माणूस संध्याकाळी जिंकायला येतो. त्यानं हात नुसता आवळला, की नोमान मॅटवर दोन थापा मारायचा. थाप मारली म्हणजे हार कबूल, सोड मला. गिऱ्हाईक खूश, मालक खूश. पोटासाठी माणसं याहून वाईट कामं करतात.

ब्राझिलियन पोरानं कंबर उचलली आणि हात ताणायला सुरुवात केली. नुसती सुरुवात.

थप, थप.

रेफ्रीनं झेप घेऊन दोघांना सोडवलं. नोमान इकडेतिकडे बघायला लागला. कुणी मारल्या थापा? मग त्याला मॅटवर टेकलेला स्वतःचाच उजवा हात दिसला.

अब्बा धापा टाकत खाली आले. त्याचं डावं कोपर चाचपत म्हणाले, "फार दुखलं का रे, बाळा?"

"नाही, अब्बा." नोमानला रडू कोसळलं. "अजिबात नाही दुखलं."

यतीन सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "हार्ड लक, यार. पण मी कधीपासून सांगतोय, हा लॉक तुझा वीक पॉइंट आहे. मीपण दर वेळी यातच पकडतो ना तुला? यल्ला, चल, सोमवारी ये. यातून सुटायचं कसं, ते मी दाखवतो."

"येतो, सर," नोमान म्हणाला.

अब्बा अजून त्याचं डावं कोपर चोळत होते.