शुक्रवारी राहिलेली पिन

भामा गॅरेजच्या दारात आली, उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "मिस्त्री, आमचे माणसाला कुठं काम हाय का बघा."

एलिजाने गाडीखालून मान बाहेर न काढताच नाही म्हटलं. ती गेली तरी त्याला बराच वेळ बाहेर यावंसं वाटेना. खाई त्याला खवखवे, म्हणतात ते खोटं नाही.

भामाचा नवरा काशिराम धर्मराजशेठचा ड्रायव्हर. म्हणजे गेल्या महिन्यापर्यंत होता. शेठ मिठागरांचे मालक, आणि अख्ख्या पनवेलात त्यांच्या काळ्या विलायती गाडीइतका रुबाब दुसऱ्या कशाचा नव्हता. तिचा गिअर खाली नसून वर, स्टिअरिंगच्या दांड्यालाच होता. बघणाऱ्याला त्याचं कौतुक, दुरुस्त करणाऱ्याला डोकेदुखी. गिअरच्या सळया दांड्याला लागून खाली उतरायच्या आणि टोकाला एका बारीक पिनेने अडकायच्या. एवढी हत्तीसारखी गाडी, आणि भिस्त सगळी त्या पिनेवर.

त्या शुक्रवारी एलिजाने झिजलेल्या सळया काढून नव्या बसवल्या. पिन तेवढी घालायची राहिली आणि आतून बायकोने, सिप्पोराने, दिवा लावत असल्याची हाक दिली. शब्बाथ लागला, तो शनिवार मावळेपर्यंत. शनिवारी हत्याराला हात लावायचा नाही, हे बेने इस्रायल ज्यू माणसाला सांगावं लागत नाही. त्याचे आजोबा शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, तो गॅरेज बंद ठेवी. या बाबतीत एलिजा भलताच कडक. शब्बाथला बिडी पेटवली म्हणून त्याने सख्ख्या भावाशी, मोझेसशी, बोलणं टाकलं होतं. गाडी द्यायची होती रविवारी. पिन सकाळी उठून घालू म्हणत त्याने हात धुतले.

पण काशिराम शनिवारीच आला. एलिजा तेव्हा सिनेगॉगमध्ये होता. शेठचे पाहुणे आणायचे आहेत, गाडी आत्ताच हवी, म्हणून तो अडून बसला. शेवटी सिप्पोराने किल्ली दिली. एलिजा घरी आला तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, "गाडी नेली काशिरामने." गाडीत पिन नाही, हे त्याला लगेच आठवलं. कामाची गोष्ट शब्बाथला काढायची नाही, या सबबीखाली तो गप्प बसला. धावत गेलो असतो तर गाडी कदाचित गाठताही आली असती, हे त्याला पुढे कितीदा तरी वाटलं.

तिन्हीसांजेला बातमी आली. खाडीपुलाच्या उतारावर गाडी सुटली, पायी चाललेल्या, ओवे गावच्या रामूला धडकली आणि चिखलात जाऊन रुतली. रामूचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

शेठनी गाडी तडक मुंबईला पाठवून दिली. एलिजाची ती बघायला जायची छाती झाली नाही. काशिराम ज्याला त्याला सांगत होता की उतारावर गिअरच सुटला. त्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, कारण काशिराम अधूनमधून दारू घ्यायचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेठनी त्याला काढून टाकलं आणि फौजदाराकडे नाव दिलं. पनवेलात त्याच्यावर विश्वास ठेवणारा एकच माणूस होता, आणि त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

सिप्पोराही त्या दिवसापासून मिटून गेली होती. तिने एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला मलिद्याचा नवस बोलला. कशासाठी, ते एलिजाने विचारलं नाही. किल्ली आपण दिली हे तिला डाचत असणार, असं तो धरून चालला. पिनेचं तिला सांगावं असं रोज ओठावर यायचं आणि रोज तो ते गिळायचा. बायकोच्या नजरेतून उतरायची त्याला सगळ्यांत जास्त भीती वाटत होती.

पण भामा दारात येऊन गेली त्या रात्री त्याला झोप लागली नाही. आपल्या चुकीपायी दुसऱ्याची चूल विझते आहे आणि आपण भाकरी खातो आहोत, याची त्याला किळस आली.

सकाळी तो काशिरामला बरोबर घेऊनच शेठच्या पेढीवर गेला आणि सगळं सांगून टाकलं. पिन घातली नव्हती, सळई निखळली, गाडी सुटली, ड्रायव्हरचा काही दोष नाही.

शेठनी समोरची वही मिटून बाजूला ठेवली. काशिराम मात्र एलिजाकडे टक लावून बघत होता.

"मिस्त्री," तो हलकेच म्हणाला, "तुमाला नक्की आठवतंय ना?"

"नक्की," एलिजा म्हणाला. "माझ्यामुळे तुझे हाल झाले. मला माफ कर."

काशिरामने नजर जमिनीकडे वळवली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते बघून एलिजालाही भरून आलं.

शेठ हिशेबाला चोख होते. फौजदाराला ते त्याच दुपारी भेटणार होते, आता नाव एलिजाचं लागणार होतं. गॅरेजची जागा शेठची, ती महिनाअखेर सोडायची होती. काशिरामला त्यांनी तिथल्या तिथे कामावर घेतलं.

एलिजा घरी आला. गॅरेज गेलं, नाव गेलं, उद्या कदाचित तुरुंगही दिसेल. तरी कित्येक दिवसांनी त्याला श्वास मोकळा वाटला. त्याने सिप्पोराला समोर बसवलं आणि पिनेची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. 

"आणि काशिराम?" शेवटी तिने विचारलं.

"नवी गाडी त्याच्या हातात दिली शेठनी. आत्ताच निघाला, त्यांच्या दोन्ही मुलींना घेऊन, खंडाळ्याला."

सिप्पोराचा चेहरा पांढराफटक पडला.

"पिन मी घातली होती," ती म्हणाली. "किल्ली द्यायच्या आधी. बाकावर राहिलेली दिसली मला. दोन्ही टोकं वळवली, ओढूनसुद्धा बघितली. शब्बाथ मोडला, म्हणून तुम्हाला सांगितलं नाही."