नेट मधेच जातं

थोरली बहीण हातात फोन धरून धाकटीच्या घरात खोलीखोलीतून फिरली. हॉलमध्ये रेंज पूर्ण, स्वयंपाकघरात पूर्ण, बेडरूममध्ये तर काठोकाठ. घरात वायफायच्या तीन पांढऱ्या डब्या होत्या आणि तिन्हींचे निळे दिवे शहाण्या मुलांसारखे गप्प जळत होते. असली जोडणी करून देणं हाच थोरलीचा धंदा. तरी धाकटीचा प्रत्येक फोन मधेच तुटायचा, म्हणून शेवटी आज ती हत्यारांची पिशवी घेऊन न सांगता येऊन धडकली होती.

"भिंती जाड आहेत हो ताई आमच्या," धाकटीचा नवरा सोफ्यावरून म्हणाला. तो मॅच बघत होता. टीव्हीचा आवाज मात्र बंद होता.

थोरलीने बेडरूमचं दार लोटलं, धाकटीला पलंगावर बसवलं आणि स्वतः खिडकीशी जाऊन तिला व्हिडिओ कॉल लावला. दोन हातांच्या अंतरावरून फोनवर बोलायचं म्हणजे दोघींनाही हसू आलं. आईचे गुडघे झाले, शेजारणीचं मांजर झालं. चित्र अगदी स्वच्छ. मग थोरलीने सहज विचारलं, तुला नोकरीसाठी बोलावलं होतं, त्याचं काय झालं? धाकटीचा चेहरा फोनमध्ये गोठला.

थोरलीने पुन्हा लावला. मांजरावर बोलली, कॉल टिकला. माहेरी कधी येतेस म्हणून विचारलं, कॉल गेला. तिचा स्वतःचा फोन त्याच वायफायवर खुशाल चालत होता. बंद पडत होता तो फक्त धाकटीचा.

भिंतीला कान असतात म्हणतात, पण भिंती शब्द निवडत बसत नाहीत. थोरलीने पलंगाच्या उशाची डबी उचलून उलटी केली. बाकीच्या दोन गुळगुळीत होत्या. हिच्या पोटाला माइकची बारीक भोकं होती. ही नुसती वायफाय देणारी नव्हती, खोलीतलं बोलणं दुसऱ्या फोनवर पोचवणारी होती. आणि घरातला एखादा फोन नेटवरून काढून टाकायला हॉलमध्ये बसून एक बोट पुरतं, हे तिला कोणी सांगायला नको होतं. तिने वायर ओढली. निळा दिवा विझला.

तशी धाकटी तिच्या कानाशी आली. इतका वेळ हसतखेळत बोलत होती ती. आता तिचा आवाज पार कोरडा होता.

"ताई, निघताना मला चल म्हण. त्यांच्यासमोर म्हण. मी नाही म्हणेन. तरी मला ने."

दार उघडलं. नवरा उभा होता, हसतमुख, हातात फोन. थोरलीने चेहरा सावरला आणि डबी बिघडलीय, बदलून आणते, असं काहीतरी सांगितलं. त्याने तिला तेवढाही त्रास पडू दिला नाही. कपाटातून कोरी डबी काढली, तशीच, पोटाला भोकं असलेली, आणि त्याच जागी लावली. दिवा जरा लुकलुकला आणि स्थिरावला.

"आईला बरं नाहीये," थोरली म्हणाली. "हिला दोन दिवस नेते."

"नको गं ताई, मला इथं कामं पडलीयेत," धाकटी म्हणाली. आवाज पुन्हा गोड, पहिल्यासारखा.

थोरलीने ते कानाआड केलं. धाकटीचं मनगट धरलं आणि तिला हॉलमधून थेट बाहेरच्या दाराशी आणलं. धाकटीने हात सोडवून घेतला नाही. चपला घालायलाही ती थांबली नाही.

दाराला आतून कडी नव्हती, किल्लीचं भोक नव्हतं. नुसती काळ्या काचेची पट्टी. दार फोनवरून उघडायचं, आणि तो फोन एकाच माणसाच्या हातात होता.

तो मागून सावकाश आला. त्याने अंगठा स्क्रीनवर टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. दार हललं नाही.

"बसा ना ताई जरा," तो म्हणाला. "तुम्हाला तर माहीतच आहे, आमच्याकडचं नेट मधेच जातं."